बो टायची सुरगाठ : 28 ऑगस्टच्या आत हाताला बसवा

28 ऑगस्टला बो टाय डे असतो. मजेचा दिवस, अट एकच : गळ्यात बो हवा. तरीही दर वर्षी तीच धांदल दिसते. आदल्या संध्याकाळी बो आणला जातो, सकाळी निघायच्या घाईत तो पहिल्यांदा उलगडला जातो आणि आरशासमोर चार-पाच वेळा फसल्यावर कपाटात परत जातो. मग कुणीतरी म्हणतं, 'हे आपल्या हातचं काम नाही.' पण बुटाची नाडी बांधता येणाऱ्या कुणालाही बो बांधता येतो, कारण दोन्हींची गाठ एकच आहे. चुकते ती तयारी आणि चुकतो तो क्रम. हा लेख त्या दोन गोष्टींसाठी.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. बो टाय ही निरगाठ नाही, सुरगाठ आहे. टोक ओढलं की सुटते, घडी ओढली की आवळते. बो बांधताना लोक जेवढे म्हणून अडखळतात, त्यातले बहुतेक या एकाच वाक्यापाशी अडखळतात. पुढे हे वाक्य पुन्हा लागणार आहे.

टप्पा 1 : कोणता बो घ्यायचा

बो तीन तऱ्हेचे मिळतात. क्लिपचा बो कॉलरला नुसता अडकतो. तयार बांधलेल्या बोला मागे पट्टा आणि हूक असतो. तिसरा स्वतः बांधायचा. तो लांब पट्टीसारखा असतो आणि दोन्ही टोकांना रुंद होत जातो. या दिवसासाठी माझा कौल तिसऱ्यालाच. पहिले दोन वाईट नाहीत, लहान मुलांसाठी तर तेच योग्य; पण हाताने बांधलेल्या बोला जो फुगीरपणा येतो, दोन पंखांत जो किंचित फरक राहतो, तो तयार बोमध्ये येत नाही.

आकार पाहून घ्या. फुलपाखरी बो टोकाशी रुंद आणि मध्ये बारीक असतो. सरळ बोची रुंदी टोकापासून जवळजवळ सारखी असते, तो बांधल्यावर अरुंद दिसतो. काही बोंची टोकं हिऱ्यासारखी निमुळती असतात. पहिल्यांदा शिकताना फुलपाखरीच घ्या. त्याच्या कंबरेची बारीक जागा 'इथे चिमटीत धर' असं हाताला सांगते. सरळ बोमध्ये ही खूण नसते, म्हणून घडी कुठे घालायची याचा अंदाज चुकतो.

कापडाचंही तसंच. चकचकीत सॅटिन सुंदर दिसतं, पण नवख्या बोटांतून निसटतं आणि गाठ सैल पडते. सुती किंवा किंचित खरखरीत रेशमी कापड गाठ धरून ठेवतं. विणलेला जाड बो मात्र शिकण्यासाठी नको. मधली गाठ लाडवाएवढी होते आणि मागचं भोक सापडत नाही.

खूणगाठ : विकत घेताना पट्टी उलगडून पाहा. दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवल्यावर कडा जुळल्या पाहिजेत. एक टोक जरी रुंद शिवलेलं असलं, तरी बो कायम तिरका दिसेल आणि तुम्ही उगाच स्वतःच्या हाताला दोष द्याल.

टप्पा 2 : गळ्याचं माप आणि पट्ट्याची लांबी

हा टप्पा लोक सरळ वगळतात आणि नंतर 'बो मोठा झाला', 'लोंबतो' अशी तक्रार करतात.

कॉलर जिथे बसते तिथे मोजपट्टी गुंडाळा. पट्टी आणि गळा यांच्यात एक बोट सहज जाईल एवढी ढील ठेवा. हेच तुमचं माप. शर्टावर कॉलरचं माप छापलेलं असेल तर तेही चालतं. 15 इंच म्हणजे साधारण 38 सेंटीमीटर. बोच्या मागच्या भागावर आकडे किंवा छोटी काजं असतात, त्यांत हूक किंवा सरकपट्टी त्या मापावर बसवा.

एक बारकावा. पट्टा गळ्यापेक्षा लांब ठेवला तर उरलेलं कापड पुढे येतं, म्हणजे पंख मोठे होतात आणि बो खाली ओघळतो. आखूड ठेवला तर पंख चिमुकले होतात आणि गळा आवळतो. बोचा आकार बदलायचा असेल तर आधी पट्टा अर्ध्या इंचाने हलवून पाहा, गाठीशी झटापट करू नका.

बांधून झाल्यावरची रुंदी किती असावी? पंखांची टोकं चेहऱ्याच्या कडांच्या बाहेर जाऊ नयेत आणि डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांच्या फार आतही राहू नयेत. बारीक चेहऱ्याला अरुंद बो, रुंद चेहऱ्याला जरा ऐसपैस.

टप्पा 3 : सराव मांडीवर, आरशात नाही

निदान आठवडाभर आधी सुरुवात करा. रोज दहा मिनिटं पुरतात.

आरशात शिकू नका. आरशातला उलटसुलटपणा सांभाळत नवी गाठ शिकणं म्हणजे एकदम दोन गोष्टी शिकणं. त्याऐवजी खुर्चीत बसा आणि बो गुडघ्याच्या जरा वर, मांडीभोवती घ्या. तिथला घेर बहुतेकांच्या गळ्याच्या घेराच्या आसपास असतो. सगळं डोळ्यांसमोर, हात खाली, खांदे दुखत नाहीत. एकच ध्यानात ठेवा : पुढच्या टप्प्यात जिथे 'वर' म्हटलं आहे तिथे मांडीवर 'पोटाकडे' समजा आणि 'खाली' म्हणजे 'गुडघ्याकडे'.

मांडीवर लागोपाठ पाच वेळा जमलं की गळ्यावर या. तेही आधी डोळे मिटून किंवा भिंतीकडे पाहत. बोटांना वाट कळली पाहिजे. आरसा फक्त शेवटच्या आकारासाठी.

इशारा : सरावासाठी नवा रेशमी बो वापरू नका. पुन्हा पुन्हा बांधून-सोडून त्यावर कायमच्या सुरकुत्या पडतात. जुना सुती बो घ्या, नाहीतर साध्या कापडाची पट्टी चालेल.

टप्पा 4 : बांधणं

शर्टाचं वरचं बटण लावा आणि कॉलर उभी करा. बटण मागाहून लावू म्हणाल तर गाठ हलते.

1. बो गळ्याभोवती टाका. डावं टोक उजव्यापेक्षा दीड इंच, म्हणजे साधारण 4 सेंटीमीटर, खाली लोंबू द्या. यापुढे डावं ते 'लांब टोक', उजवं ते 'आखूड टोक'.

2. लांब टोक आखूड टोकाच्या वरून उजवीकडे न्या. ही फुली गळ्याला लागून पडली पाहिजे, छातीवर नाही.

3. लांब टोक फुलीच्या मागून, गळा आणि बो यांच्यामधून वर काढा. दोन्ही टोकं हळू ओढून अर्धी गाठ बसवा. लांब टोक आता वर आलेलं आहे, ते खांद्यावर टाकून द्या. सध्या त्याची गरज नाही.

तपासणी : अर्धी गाठ नीट गळ्याशी बसली आहे का? इथे ढील राहिली तर शेवटी कितीही आवळा, बो गळ्यापासून दोन बोटं खालीच राहणार. शंका असेल तर इथूनच परत फिरा. पुढे जाऊन दुरुस्त होत नाही.

4. आता खाली लोंबणारं आखूड टोक. ते जिथे सगळ्यांत रुंद आहे तिथे आडवी घडी घाला आणि कंबरेची बारीक जागा बरोबर गाठीसमोर आणा. गळ्यासमोर आडवं धरल्यावर हा बोचा पुढचा अर्धा भाग झाला. एका बाजूला घडी, दुसऱ्या बाजूला मोकळं टोक. कंबर डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरा, सोडू नका.

5. खांद्यावरचं लांब टोक सरळ समोर, त्या कंबरेवरून खाली सोडा. ते मधोमध पडलं पाहिजे, तोच पुढे दिसणारा मधला पट्टा होणार आहे. पीळ पडला असेल तर आत्ताच काढा.

6. पुढच्या भागाचे दोन्ही पंख एकमेकांकडे, म्हणजे तुमच्यापासून पुढे, चिमटीत मिटा. त्यांच्या मागे, गळ्यालगतच्या गाठीच्या पुढे, एक फट दिसेल किंवा बोटाला लागेल. शिकणाऱ्यांचा सगळा जीव इथे अडकतो. घाई करू नका, उजव्या हाताच्या तर्जनीने फट चाचपा. पुढचे पंख मिटल्याशिवाय ती उघडत नाही, आणि लोक नेमकं ते न मिटताच शोधत बसतात.

7. लांब टोकालाही त्याच्या रुंद जागी घडी घाला. ही घडी, टोक नाही, त्या फटीतून दुसऱ्या बाजूला ढकला. तर्जनी मागून ढकलते, दुसरा हात बाहेर आलेली घडी अलगद पकडतो. घडी पूर्ण ओढून काढू नका, निम्मीच बाहेर येऊ द्या.

तपासणी : आता जे हातात आहे ते ओबडधोबड दिसेल. दिसू द्या. फक्त एवढं पाहा की प्रत्येक बाजूला एक घडी आणि एक मोकळं टोक आहे. एका बाजूला पुढे घडी असेल तर मागे टोक असेल. दुसऱ्या बाजूला उलट. दोन्ही घड्या एकाच बाजूला आल्या असतील तर सहाव्या पायरीवर परत जा. अख्खं टोक घडी न घालता फटीतून गेलं असेल तर ती सुरगाठ उरत नाही, निरगाठ होते. पूर्ण सोडा आणि पहिल्यापासून बांधा.

टप्पा 5 : आवळणं आणि आकार देणं

इथे बहुतेकांचा बांधलेला बो हातात सुटतो, आणि कारण नेहमी एकच : टोकं ओढली जातात. बुटाच्या नाडीत काय होतं ते आठवा. लोंबणारी टोकं ओढली की गाठ सुटते, दोन्ही कान ओढले की आवळते. बोमध्येही तेच. दोन्ही बाजूंच्या घड्या एकाच वेळी, सारख्या जोराने, बाहेर ओढा. मोकळ्या टोकांना हात लावायचा तो फक्त लांबी कमी-जास्त करण्यासाठी, आणि तेव्हा विरुद्ध बाजूची घडी धरून ठेवायची.

मी हा क्रम सुचवतो. आधी घड्या अर्ध्या आवळा. मग एकेक टोक हलवून चारही पाती लांबीला सारखी करा. मग पुन्हा घड्या ओढून गाठ पक्की करा. शेवटी मधला पट्टा अंगठ्याने सपाट करा आणि पंखांच्या आत बोट घालून जरा फुलवा. एका दमात आवळून मग आकार देऊ पाहणाऱ्याचा बो नेहमी चुरगळतो.

बो आडवा न राहता उभा फिरत असेल, म्हणजे एक पंख हनुवटीकडे आणि एक छातीकडे, तर ओढून सरळ करण्याचा प्रयत्न सोडा. दोन्ही अर्ध्या गाठी एकाच दिशेने पडल्या आहेत. पुन्हा बांधा, पण या वेळी पहिल्या पायरीत लांब टोक उजव्या बाजूला ठेवून तिथून सुरू करा. बाकी हात जसे चालतात तसेच चालू द्या. ज्यांच्या बुटांच्या नाड्या सारख्या उभ्या होऊन सुटतात त्यांचाही दोष हाच असतो. बो शिकता शिकता नाडीही सुधारते, हे मी अनेकांच्या बाबतीत आनंदाने पाहिलं आहे.

कॉलर खाली करा. आता आरशात पाहा. दोन्ही पंख मापून एकसारखे नसतील. तसेच राहू द्या, हाताने बांधल्याची ती खूण आहे. पट्टा मात्र कॉलरच्या मागून डोकावता कामा नये.

टप्पा 6 : कशावर घालायचा

मजेच्या दिवशी ठिपके, रेघा, फुलं, चौकडी सगळं चालतं. एवढंच पाहा की शर्ट आणि बो दोन्हींवर एकाच आकाराची नक्षी नसावी. बारीक रेघांच्या शर्टावर मोठे ठिपके खुलतात, बारीक चौकडीवर बारीक चौकडी डोळ्यांत खुपते. खिशातला रुमाल त्याच कापडाचा घेऊ नका; रंग जुळला तर पुष्कळ.

संध्याकाळचा औपचारिक समारंभ असेल तर मोकळीक संपते. डिनर जॅकेटवर काळा बो, त्याचं कापड जॅकेटच्या लॅपेलशी, म्हणजे छातीवर दुमडलेल्या पट्टीशी, जुळणारं : लॅपेल सॅटिनची तर बो सॅटिनचा, बारीक धारीच्या रेशमाची तर बोही तसाच. शेपटीच्या कोटावर पांढरा सुती, उठावदार विणीचा बो. उभ्या कॉलरचे छोटे पंख बोच्या मागे राहतात, पुढे नाहीत. निमंत्रणात 'ब्लॅक टाय' लिहिलेलं असताना ठिपक्यांचा बो घालून जाऊ नका, मग तारीख कोणतीही असो.

टप्पा 7 : चार जणांनी मिळून साजरा करताना

ऑफिसात किंवा मित्रमंडळींत दिवस साजरा करायचा तर निरोप आठ दिवस आधी द्या, आणि त्यातच लिहा की बो नसला तरी चालेल. सक्ती आली की गंमत गेली. येणाऱ्यांसाठी पाच-सहा जादा बो ठेवा.

शिकवण्याचा छोटा वर्ग पहिल्या वीस मिनिटांत उरका, फोटो लगेच त्यानंतर काढा. खाणं-पिणं सुरू झाल्यावर बो ढिले होतात, डागही पडतात. शिकवताना समोरासमोर उभे राहू नका. तुमचा डावा हात त्यांना उजवा दिसतो. सगळ्यांना एका ओळीत बसवा, मांडीवर बो घ्यायला सांगा आणि तुम्ही त्यांच्याच दिशेला तोंड करून शेजारी बसा. एका वेळी चार-पाच जण पुरे. दुसऱ्याच्या गळ्यात बांधून द्यायचा असेल तर त्याच्या मागे उभे राहा आणि दोघं आरशाकडे पाहा. तुमचे हात तेव्हा त्याच्या हातांच्याच जागी येतात आणि गाठ आपोआप सरळ पडते.

*लहान मुलं.* मुलांच्या गळ्याभोवती गाठीचा बो बांधू नका, क्लिपचाच लावा. खेळताना पट्टा कुठे अडकला तर तो सुटला पाहिजे. अगदी तान्ह्या बाळाला फोटोपुरता लावा आणि लगेच काढा. क्लिप सुटी होऊन तोंडात जाऊ शकते.

*कुत्रा-मांजर.* बो वेगळ्या पट्ट्यावर नको, नेहमीच्या कॉलरवर रबराने अडकवा. मांजराची कॉलर ताण आल्यावर आपोआप उघडणारी हवी. प्राणी पंजाने सारखा ओरबाडत असेल तर काढून टाका आणि एकट्याला बो लावून सोडू नका.

*ऐन वेळचा बो.* कुणाकडेच नसेल तर कापडाचा तयार बो अर्ध्या तासात होतो. 26 बाय 14 सेंटीमीटरचा तुकडा कापा. सुलटी बाजू वर ठेवून लांबीत दुमडा, कडेपासून 1 सेंटीमीटर आत टीप मारा, सुलट करा. 6 सेंटीमीटर रुंद नळी मिळेल. तिची शिवण मागच्या बाजूच्या मधोमध घेऊन इस्त्री करा. दोन्ही टोकं मागे आणून 2 सेंटीमीटर एकमेकांवर चढवून टाका घाला : 12 सेंटीमीटर लांबीची दुहेरी पट्टी तयार. मध्ये चुण्या घालून दोऱ्याने आवळा आणि वर दीड सेंटीमीटरची घडी घातलेली पट्टी गुंडाळून मागे शिवा. त्याच टाक्यात क्लिप बसवा. इथली नेहमीची चूक म्हणजे चुण्या न घालता नुसतं दोऱ्याने बांधणं. पंख चपटे राहतात. कापड आधी वरून खाली एकदा पुढे, एकदा मागे असं दुमडा, मग आवळा.

टप्पा 8 : दिवसभर आणि दिवस संपल्यावर

बो दिवसात दोनदा तरी ढळतो. टोक धरून सरळ करू नका, घड्या धरूनच करा. पाणी किंवा कालवण सांडलं तर स्वच्छ कोरड्या कापडाने टिपा. रेशमावर ओला रुमाल घासला की डाग जातो, पण पाण्याचा वळ राहतो. मग तो ड्रायक्लीनला द्यावाच लागतो.

रात्री बो मागचा हूक सोडून तसाच बांधलेला ठेवण्याचा मोह होतो, कारण इतक्या मेहनतीने जमलेला असतो. ठेवू नका. घडीच्या जागी कापड दबून राहिलं की तिथे पांढुरकी रेघ उमटते आणि पुढच्या वेळी नेमकी तीच मधल्या पट्ट्यावर दिसते. एक मोकळं टोक ओढा. सुरगाठ असेल तर बो एका ओढीत उलगडेल. उलगडला नाही तर कुठेतरी निरगाठ पडली होती असं समजा, आणि पुढच्या सरावात सातवी पायरी जपून करा.

सुरकुत्यांसाठी बो वाफेवर टांगा. इस्त्रीच करायची तर मंद, वर सुती कापड ठेवून, आणि कडा दाबायच्या नाहीत. दाबल्या की आतलं अस्तर चपटं होऊन पंख फुलत नाहीत. गार झाल्यावर सैल गुंडाळी करून ठेवा. पट्ट्याची सरकपट्टी ज्या आकड्यावर नीट बसली तो आकडा आतल्या लेबलवर पेनने लिहून ठेवा, पुढच्या वर्षी दुसरा टप्पा पुन्हा करावा लागणार नाही.